अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात प्रवेशाची संधी किती? अंदाज असा बांधा

ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, बोडिन. एकाच विषयात न अडकवता पदवीपर्यंत अनेक विषय शिकवणारी ही लहान कॉलेजं, म्हणजेच लिबरल आर्ट्स कॉलेजं. त्यांची नावं आपल्याकडे हार्वर्डसारखी घरोघरी पोचलेली नाहीत, म्हणून तिथे प्रवेश सोपा असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. यांतलं प्रत्येक कॉलेज वर्षाला साधारण चारशे ते साडेपाचशे मुलं घेतं आणि शंभर अर्जांमागे दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जणांना होकार देतं. सीईटीसारखी गुणवत्ता यादी नाही, कटऑफ नाही, दुसरी-तिसरी फेरी नाही. तरीही अंदाज बांधता येतो. मात्र तो कॉलेजच्या सरसकट टक्केवारीवरून नव्हे, तर तुम्ही ज्या रांगेत उभे आहात त्या रांगेवरून बांधायचा.

पायरी १: आधी पैशाचं बोला

मार्कांच्या आधी पैसे, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण भारतातून अर्ज करणाऱ्याची रांग इथेच ठरते. अशा कॉलेजचा फी, राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या घरात जातो. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा निर्णय घेताना त्याला किती मदत लागणार हेही पाहतात. विल्यम्स, स्वार्थमोर आणि पोमोना याच गटातली. एकदा घेतलं की लागेल तेवढी मदत ती देतात, पण घ्यायचं की नाही ठरवताना तो आकडा समोर असतो. ॲमहर्स्ट आणि बोडिन परदेशी मुलांच्या बाबतीतही गरज न पाहता निर्णय घेतात. अशी कॉलेजं मोजकीच, त्यामुळे तिथे जगभरातून गर्दी.

म्हणून आईवडिलांसोबत बसून वर्षाला किती देणं झेपेल तो आकडा कागदावर लिहा. घर गहाण टाकून काढलेला आकडा नको. आणि ‘आधी मदत नको म्हणू, प्रवेश मिळाला की मागू’ ही युक्ती करू नका. सुरुवातीला मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांतही ती द्यायची नाही, असा अनेक कॉलेजांचा नियम आहे.

पायरी २: कॉमन डेटा सेट उघडा

बरीचशी कॉलेजं दरवर्षी ठरावीक नमुन्यात आपली आकडेवारी जाहीर करतात. तिला कॉमन डेटा सेट म्हणतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की पीडीएफ सापडते. ती लांबलचक असते, पण आपल्याला चार-पाच जागाच पाहायच्या आहेत.

सी-१ या विभागात किती अर्ज आले, किती जणांना होकार मिळाला आणि किती जण खरोखर दाखल झाले ते असतं. अलीकडच्या काही वर्षांच्या फॉर्ममध्ये परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे दिलेले असतात. ते मिळाले तर तुमची रांगच सापडली. नसतील तर बी-२ मध्ये पहिल्या वर्षाला परदेशी मुलं किती आहेत ते पाहा. एच-६ मध्ये किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती, तेही लिहिलेलं असतं. भरपूर परदेशी मुलं, पण मदत मिळालेली थोडीच, असं दिसलं तर समजून घ्या: तिथे फी भरू शकणाऱ्यांची सोय आहे.

सी-७ हा तक्ता मला सगळ्यात बोलका वाटतो. अभ्यासक्रम किती कठीण होता, मार्क, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, कॉलेजबद्दल दाखवलेली उत्सुकता यांतल्या कशाला किती महत्त्व, हे कॉलेज इथे स्वतः सांगतं. उत्सुकतेला महत्त्व असेल तर त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना हजेरी लावणं कामाचं. नसेल तर तो वेळ निबंधाला द्या.

सी-९ मधले सॅट या प्रवेश परीक्षेचे आकडे मात्र जपून वाचा. परीक्षा ऐच्छिक असेल तिथे चांगले मार्क असलेलेच ते पाठवतात, त्यामुळे आकडे फुगतात. किती टक्के मुलांनी मार्क पाठवले तेही तिथेच दिलेलं असतं. बोडिनने तर १९६९ पासूनच ही परीक्षा ऐच्छिक ठेवली आहे. बाकीच्यांचे नियम बदलत असतात, ते त्या त्या वर्षी तपासा.

पायरी ३: हिशेब मांडा

समजा, एका कॉलेजकडे दहा हजार अर्ज आले आणि नऊशे जणांना होकार मिळाला. दर ९ टक्के. पण त्यांतले अडीच हजार अर्ज परदेशी आणि त्यांतून निवडले पंचाहत्तर. तुमच्या रांगेचा दर झाला ३ टक्के. त्यात पूर्ण मदत हवी असेल तर आणखी कमी. आकडे काल्पनिक आहेत, हिशेबाची रीत खरी.

पायरी ४: स्वतःची फाइल त्यांच्या नजरेने वाचा

तिथे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे मार्क मागतात. राज्य मंडळाच्या मुलांची पंचाईत होते ती इथे. दहावीला ९५ टक्के, मग अकरावीला ‘हे वर्ष कोण बघतंय’ म्हणत ६८. तिथे ते वर्ष बघतात. बारावीचा निकाल मे महिन्यात आणि अर्ज जानेवारीपर्यंत, म्हणून बारावीचे अपेक्षित मार्क शाळेकडून जातात. शिवाय शिफारसपत्रं लागतात. ज्या ज्युनिअर कॉलेजात फक्त नाव घातलंय आणि दिवस क्लासमध्ये जातो, तिथले कोणते शिक्षक तुमच्याबद्दल पानभर लिहू शकतील? एकही नाव सुचलं नाही, तर सॅटमध्ये पन्नास गुण वाढवण्यापेक्षा हे दुखणं मोठं आहे.

तुमच्या शाळेतून याआधी कुणी अशा कॉलेजात गेलंय का, तेही विचारा. पुण्याजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज या अकरावी-बारावीच्या शाळेतली मुलं तिथे नियमित जातात. त्यांच्यामागे युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या मुलांसाठी असलेल्या डेव्हिस शिष्यवृत्तीची व्यवस्था आहे आणि कॉलेजांना त्या शाळेची ओळख आहे. तिथल्या मुलाच्या निकालावरून तुमचा अंदाज बांधू नका.

पायरी ५: अर्ली डिसिजनचा आकडा सोलून पाहा

नोव्हेंबरात एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि मिळालं तर तिथेच जायचं, असा हा करार. मिळालेली मदत पुरेशी नसेल तरच त्यातून सुटता येतं. सी-२१ मध्ये त्याचे आकडे असतात आणि तो दर अनेकदा दुप्पट-तिप्पट दिसतो. पण त्या जागांवर कॉलेजच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडूही असतात. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टमध्ये साधारण एक तृतीयांश विद्यार्थी आंतरकॉलेज संघांत खेळतात. तुम्ही त्यांतले नसाल तर फायदा आहे, पण कागदावर दिसतो तेवढा नाही.

पायरी ६: यादी लावा

टक्केवारी काढून देणारी संकेतस्थळं सोडून द्या. त्यांनी तुमचा निबंध वाचलेला नसतो. कॉलेजांचे तीन गट पुरेत: मिळालं तर नशीब, जुळण्याजोगं आणि खात्रीचं. ही पाच कॉलेजं प्रत्येकाच्याच पहिल्या गटात, बोर्डात अव्वल मार्क मिळवणाऱ्यांच्यासुद्धा.

इथे एक हिशेब हमखास फसवतो. दहा टक्क्यांच्या दहा कॉलेजांना अर्ज केले, तर एक तरी लागण्याची शक्यता गणिताने ६५ टक्के येते. पण दहाही ठिकाणी जाते ती फाइल एकच. जी उणीव एकाला खटकते ती बाकीच्यांनाही खटकते, म्हणून खरी शक्यता त्याहून बरीच कमी.

खात्रीचं कॉलेज म्हणजे प्रवेशही मिळेल आणि खर्चही झेपेल असं. मोठी मदत हवी असेल तर असं कॉलेज अमेरिकेत सापडणं अवघड. ते पुण्याचं फर्ग्युसन असू शकतं, किंवा खर्च परवडत असेल तर फ्लेम वा अशोका यांसारखं खासगी विद्यापीठ.

अर्ली डिसिजनचा निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि बाकीच्या बऱ्याच कॉलेजांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. नकार आला तर हातात दोन-तीन आठवडेच उरतात, त्यामुळे उरलेल्या कॉलेजांचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेवा.