मायक्रोअलॉय फोर्जिंगचा चिवटपणा: या चुका टाळा

मायक्रोअलॉय म्हणजे व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्ये अगदी थोडी मिसळलेले पोलाद. ते तापवून, दाबून आकार देणाऱ्या वाळूजच्या फोर्जिंग कारखान्यांत चार्पीचे (खाच पाडलेल्या तुकड्यावर आघात करून चिवटपणा मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे घसरले की संशय आधी पोलाद पुरवणाऱ्यावर जातो, आणि नमुना पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे सर्वांत शेवटी सुचते. याचे मूळ एकाच गैरसमजात आहे: हार्डनेस (कठीणपणा) मर्यादेत आला, म्हणजे चिवटपणाही असणारच. व्हॅनेडियमचे बारीक कार्बोनायट्राइड कण (कार्बन व नायट्रोजनशी झालेले संयुग) फेराइटमध्ये, म्हणजे पोलादातल्या मऊ, जवळपास शुद्ध लोखंडाच्या भागात, बसले की हार्डनेस वाढतो, पण चिवटपणा उलट कमी होतो. ताकद आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढवायचे असतील, तर ग्रेन (धातूतले स्फटिकांचे दाणे) बारीक करण्याला पर्याय नाही.

एका कारखान्यात ३८एमएनव्हीएस६ या मायक्रोअलॉय ग्रेडच्या मालाचा हार्डनेस उत्तम होता, परंतु चार्पीचे तुकडे चकाकत्या, खडीसाखरेसारख्या दाणेदार भंगाने तुटत होते. रासायनिक तपासणी पुन्हा करून घेतली, पुरवठादाराशी भांडणही झाले. पॉलिश केलेल्या नमुन्याला नायटल (रचना उठून दिसण्यासाठीचे सौम्य आम्ल) लावल्यावर मात्र जुन्या ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) ग्रेनच्या कडांनी फेराइटची जाळी आणि आत पर्लाइटचे (फेराइट व लोह-कार्बाइडच्या पातळ थरांची रचना) मोठे भाग स्वच्छ दिसले. डाय (साचा) बदलेपर्यंत बिलेट (फोर्जिंगसाठी कापलेले पोलादाचे तुकडे) १२५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तशीच पडून होती. एवढ्या तापमानाला व्हॅनेडियमचे कण विरघळून जातात, त्यामुळे ग्रेनची वाढ रोखायला काही उरत नाही. पुढे फोर्जिंगमध्ये ग्रेन बारीक होतात खरे, पण डायमध्ये धातू जिथे फारसा सरकत नाही तिथे ते भरडच राहतात. म्हणून प्रेस थांबला की भट्टीचे तापमान उतरवावे आणि रखडलेली बिलेट बाजूला काढावीत, असा माझा आग्रह असतो, आणि उत्पादन विभागाला तो कधीच आवडत नाही. सूक्ष्मरचनेचा नमुनाही मी कमी दाबल्या गेलेल्या भागातूनच घेतो.

फोर्जिंगनंतरचा गरम माल बिनमध्ये (पेटाऱ्यात) ढिगाने टाकू नये. आतले नग सावकाश निवतात व त्यांची रचना भरड होते, तर कडेचे नग वेगळेच निघतात. घाई म्हणून त्यावर मोठा पंखा सोडणे हाही उपाय नव्हे, कारण त्यातून वरचा बेनाइट (अपर बेनाइट, जलद निवल्याने होणारी ठिसूळ रचना) तयार झाला तर चिवटपणा आणखी ढासळतो.

ग्रेनची वाढ रोखण्यासाठी घातलेले टायटेनियम जास्त म्हणजे चांगले, हेही खरे नाही. नायट्रोजनच्या सुमारे ३.४ पटीपुढे गेले की टायटेनियम नायट्राइडचे टोकदार, मोठे कण होतात आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

मशीनिंग सोपे जावे म्हणून गंधक मुद्दाम वाढवलेल्या ग्रेडमध्ये मँगनीज सल्फाइड लांबट ताणले जाते आणि चिवटपणा दिशेनुसार बदलतो, म्हणून चार्पीचा तुकडा कोणत्या दिशेने कापला, हे अहवालात लिहिलेले नसेल, तर मी तो आकडा वाचतही नाही.