आंतरराष्ट्रीय शाळेत फी सवलतीचा अर्ज कसा करावा : बेळगाव सीमाभागातील पालकांसाठी

खासगी आंतरराष्ट्रीय शाळेची फी ऐकली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील बहुतेक पालक माहितीपत्रक मिटवून ठेवतात आणि विषय तिथेच संपतो. यांतील काही शाळा कुटुंबाची ऐपत पाहून शिक्षण शुल्कात सवलत देतात, मात्र ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेतरी दोन ओळींत असते किंवा प्रवेश कार्यालयात विचारल्याशिवाय कळतच नाही. ही सवलत गुणवत्ता शिष्यवृत्तीहून वेगळी असते. गुणवत्ता शिष्यवृत्ती गुणांवर किंवा खेळातील कामगिरीवर मिळते आणि तिच्यात कुटुंबाचे उत्पन्न बहुधा पाहिले जात नाही. ऐपतीवरील सवलतीत मूल प्रवेशास पात्र ठरल्यानंतर एवढेच पाहिले जाते, की वर्षाच्या एकूण खर्चातील किती भाग कुटुंब खरोखर उचलू शकते आणि किती कमी पडतो. त्यामुळे अर्जात हालअपेष्टांचे वर्णन फारसे उपयोगी पडत नाही. उत्पन्न, खर्च आणि कागद हे तिन्ही एकमेकांशी जुळणे हीच या अर्जाची खरी कसोटी आहे.

आधी काय तपासावे

नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या अनेक शाळा प्रत्यक्षात सीबीएसईशी संलग्न असतात, तर काही ठिकाणी केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या परदेशी मंडळांचा अभ्यासक्रम असतो. फीचा अंदाज यावरच अवलंबून असल्याने संलग्नता क्रमांक विचारून घ्यावा. संकोच बाळगू नये.

शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांवर या भागात भिस्त ठेवू नये. कर्नाटकाने नियम बदलल्यानंतर, म्हणजे 2019-20 पासून, परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत या जागा मिळत नाहीत, आणि आपल्याकडे अशी शाळा नसलेले गाव शोधूनच काढावे लागेल. चंदगड किंवा गडहिंग्लजचे पाहुणे वेगळे सांगतील आणि त्यांच्यापुरते ते खरेही असेल, कारण महाराष्ट्राने 2024 मध्ये केलेला असाच बदल मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पण तो लाभ महाराष्ट्रातील रहिवाशांना आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी किंवा अनुदानित मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या योजनेची वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळत असेल, तर खासगी शाळेत गेल्यावर ती थांबते. हिशेबात ती धरू नये.

अकरावी-बारावीसाठी पुण्याजवळच्या मुळशी भागातील, 1997 मध्ये सुरू झालेले यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेज हाही एक पर्याय आहे. तिथे भारतीय विद्यार्थ्यांची निवड राष्ट्रीय समितीमार्फत होते आणि आर्थिक साहाय्य कुटुंबाची गरज पाहून ठरते. मात्र निवडीची प्रक्रिया आदल्या वर्षीच सुरू होत असल्याने मूल दहावीत असतानाच चौकशी करावी.

खर्चाचा पूर्ण आकडा

सवलत बहुधा फक्त शिक्षण शुल्कावर असते. बस, पुस्तके, गणवेश, जेवण, सहली, लॅपटॉप हे सारे बाहेर राहते. केंब्रिज अभ्यासक्रमात दहावीला आणि आयबी डिप्लोमात बारावीला परीक्षा शुल्क वेगळे भरावे लागते, ज्याचा उल्लेख पहिलीच्या प्रवेशावेळी कोणी करत नाही. म्हणून कार्यालयाकडून वर्षाच्या सर्व शुल्कांचा लेखी तक्ता मागावा आणि प्रवेश शुल्क व अनामत या रकमांपैकी कोणती परत मिळणारी आहे, हेही त्यावर लिहून घ्यावे.

घरचा हिशेब

नोकरदाराला वेतनचिठ्ठी जोडून हे काम एका दिवसात संपवता येते. शेती, भाजीपाला, यंत्रमाग किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घराला मात्र इथेच खरी मेहनत घ्यावी लागते, कारण शाळेचा अर्ज ‘मासिक उत्पन्न’ विचारतो आणि उसाचे बिल महिन्याला येत नसते. अशा घराने मागील बारा महिन्यांची जमा आणि खर्च एका कागदावर मांडावा, आणि शेतीच्या बाबतीत एकूण रक्कम न लिहिता खर्च वजा जाता हाती राहिलेली रक्कम लिहावी.

उदाहरणादाखल एक कुटुंब धरू. तीन एकर ऊस, एकरी 40 टन उतारा, तोडणी-वाहतूक कापून टनाला 2,900 रुपये हाती पडले, तर 120 टनांचे 3,48,000 रुपये होतात. बियाणे, खत, पाणी आणि मजुरीचे 1,20,000 वजा केले की 2,28,000 उरतात. आई खासगी शाळेत शिकवते, तिचे महिन्याला 12,000 म्हणजे वर्षाचे 1,44,000. दोन म्हशींचे वैरण-पेंड जाऊन महिन्याला 5,000 म्हणजे 60,000. एकूण 4,32,000. घरखर्च महिन्याला 18,000, आजोबांची औषधे 3,000, दुचाकीचा हप्ता 3,500, आणि धाकट्याच्या शाळेचे वर्षाला 18,000 धरले तर 3,12,000 जातात. शिल्लक 1,20,000. त्यातील 20,000 आजारपणासाठी राखून 1,00,000 शाळेसाठी देता येतील.

आता शाळेची बाजू पाहू. शिक्षण शुल्क 2,40,000 आणि बस, पुस्तके वगैरे 50,000, म्हणजे एकूण 2,90,000. कमी पडतात 1,90,000. कुटुंबाच्या लाखातले 50,000 बस-पुस्तकांतच जाणार असल्याने शुल्कासाठी 50,000 उरतात, म्हणजे सुमारे 79 टक्के शुल्क सवलत मागावी लागेल. हा आकडा अर्जात स्पष्ट लिहावा. ‘जमेल तेवढी सवलत द्यावी’ असे लिहिणाऱ्याला शाळेची सवलत ठरवणारी समिती आपल्या सोयीचा आकडा देते, आणि तो पुरला नाही तर दोष कोणाला देणार?

सोने गहाण ठेवून किंवा भिशी उचलून पहिल्या वर्षीची फी भरण्याची तयारी पुष्कळ घरे दाखवतात. तो पैसा उत्पन्नात धरू नये. ती ऐपत एकाच वर्षापुरती असते.

कागदपत्रे

नाडकचेरीचा (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाचा) उत्पन्नाचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात. तो गावातील ‘ग्राम वन’ (Grama One) सेवा केंद्रातून किंवा ऑनलाइन काढता येतो आणि त्यावरील आरडी क्रमांकावरून शाळेला पडताळता येतो. अडचण वेगळीच आहे. या दाखल्यावर उत्पन्न पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा फारच कमी लिहिलेले असते. दाखल्यावर वर्षाला 40,000 रुपये आणि बँकेच्या उताऱ्यात उसाचे साडेतीन लाख जमा, असे दोन कागद शेजारी ठेवले की समिती दाखला बाजूला सारते, आणि त्याबरोबर अर्जदाराच्या इतर आकड्यांवरही शंका घेते. दाखला काढताना तलाठ्यापुढे खरा आकडा सांगणे हा सरळ मार्ग. जुना दाखला अजून मुदतीत असेल आणि त्यावर कमी आकडा असेल, तर तो जोडून सोबत बारा महिन्यांचा खरा हिशेब द्यावा आणि फरक का आहे हे दोन वाक्यांत लिहावे.

याखेरीज शेतीचा उतारा, कारखान्याची ऊस बिले, एपीएमसीतल्या (बाजार समितीतल्या) दलालाच्या पट्ट्या म्हणजे विक्रीच्या पावत्या, डेअरीचे कार्ड, पीकेपीएस (गावची प्राथमिक कृषी पतपुरवठा) सोसायटीच्या कर्जाचे खाते, सहा ते बारा महिन्यांचा बँक उतारा आणि भरले असल्यास आयकर विवरणपत्र जोडावे. दलालाची पट्टी पातळ कागदावर असते आणि तिची शाई वर्षभरात पुसट होते, तेव्हा ती मिळताच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ज्यांची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांनी कर्नाटकातील उतारा आणि महाराष्ट्रातील सातबारा दोन्ही द्यावेत. पलीकडची जमीन लपवली आणि पुढे कधी निघाली, तर मंजूर सवलतही रद्द होऊ शकते. कन्नड कागद पुण्याच्या किंवा गोव्याच्या शाळेला आणि मराठी सातबारा बंगळूरच्या शाळेला वाचता येणार नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर आणि त्यावर नोटरी करून घ्यावी.

नावांचा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. आधारवर नाव-वडिलांचे नाव-आडनाव, रेशन कार्डावर आडनाव आधी, शाळेच्या दाखल्यावर फक्त आद्याक्षर, आणि पत्त्यात कुठे बेळगाव तर कुठे बेळगावी. जन्मदाखला आणि आधार हे दोन तरी अर्जाआधी जुळवून घ्यावेत. बाकीच्यांसाठी ही सारी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरते.

पालकांचे पत्र

पत्र एका पानाचे असावे आणि अर्जाच्या रकान्यांत न मावलेली माहिती त्यात यावी. अशा धर्तीवर लिहिता येईल : “आमचे मुख्य उत्पन्न ऊस शेतीचे असून बिल साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात हप्त्यांनी जमा होते. यंदा एका एकरातील खोडवा पाण्याअभावी गेल्याने उत्पन्न मागील वर्षापेक्षा कमी आहे. दोन्ही वर्षांची बिले जोडली आहेत. शिक्षण शुल्कापैकी 50,000 रुपये आम्ही फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये दोन हप्त्यांत भरू शकतो.” शेवटचे वाक्य विसरू नये. शाळेचा हप्ता बहुधा जूनमध्ये पडतो, तेव्हा खरिपाच्या पेरणीत हात मोकळा नसतो. आधी सांगितले तर तारीख बदलून मिळण्याची शक्यता असते, चुकल्यावर सांगितले तर विलंब शुल्क लागते.

अर्ज प्रवेशाबरोबरच द्यावा. सवलतीचा निधी मर्यादित असतो आणि मुदतीनंतरच्या अर्जाला पुष्कळदा काहीच उरत नाही.

मुलाखत किंवा घरभेट ठेवली तर घर आहे तसे दाखवावे आणि आकडे माहीत असलेल्या व्यक्तीने बोलावे. पुष्कळ घरांत ती आई असते, आणि बोलायला मात्र काकांना पाठवले जाते.

निर्णयाचे पत्र आल्यावर

अनामत भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. सवलत किती वर्षांची आहे, दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो का, आणि ती ठरावीक रक्कम आहे की टक्केवारी. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वरच्या उदाहरणात शुल्क पुढील वर्षी 10 टक्क्यांनी वाढून 2,64,000 झाले आणि सवलत 1,90,000 वरच गोठलेली असली, तर कुटुंबाचा वाटा 50,000 वरून 74,000 होतो. 79 टक्के असे ठरले असेल तर तो सुमारे 55,000 राहतो.

मंजूर रक्कम कमी पडत असेल तर फेरविचाराची विनंती करता येते, मात्र तिच्यासोबत नवा कागद हवा : रुग्णालयाचे बिल, नोकरी गेल्याचे पत्र, पीक नुकसानीचा पंचनामा. तेच पत्र अधिक कळवळ्याने लिहून पाठवल्याने निर्णय बदलत नाही. आणि फेरविचाराचे उत्तर येईपर्यंत मुलाचा आधीच्या शाळेतील दाखला काढू नये.