पॉवरशेल कमांडलेट: डीफॉल्ट व्हॅल्यू नेमकी कुठे ठेवायची?

जामसंड्याला काकांच्या पॅकिंग शेडमध्ये हापूसच्या पेट्यांची लेबलं निघतात ती मी सी शार्पमध्ये लिहिलेल्या कमांडलेटमधून, म्हणजे पॉवरशेलसाठी स्वतः बनवलेल्या कमांडमधून. पॅरामीटर तीन: ग्रेड, डझन आणि प्रिंटर. एप्रिलात वाशीची गाडी दारात उभी असताना गडी एवढं सगळं टाइप करत बसणार नाहीत, म्हणून डीफॉल्ट हवेच.

डझनाचं सोपं आहे. पॅरामीटर म्हणजे क्लासमधली पब्लिक प्रॉपर्टी, तिच्या डोक्यावर पॅरामीटर अ‍ॅट्रिब्यूट. प्रॉपर्टीच्या महिरपी कंसानंतर बरोबरचं चिन्ह देऊन 5 लिहा, झाली पाच डझनी पेटी. सी शार्प 6 पासून हे चालतं. आधी त्यासाठी वेगळं प्रायव्हेट फील्ड लागायचं. मात्र तोच पॅरामीटर मँडेटरी, म्हणजे सक्तीचा, केलात तर हे 5 फुकट, पॉवरशेल विचारणारच. स्विच, म्हणजे नुसतं नाव लिहिलं की चालू होणारा पॅरामीटर, डीफॉल्टने कधीही चालू ठेवून देऊ नका. तो बंद करायला कोलन, डॉलर, फॉल्स लिहावं लागतं. शेडवर कोण लिहिणार?

खरी गोची प्रिंटरची. शेडवर एक, काकांच्या घरी दुसरा. प्रॉपर्टीतलं डीफॉल्ट ऑब्जेक्ट तयार होतानाच भरतं, त्यामुळे सेशनमधलं, म्हणजे उघड्या पॉवरशेल खिडकीतलं, व्हेरिएबल तिथे वाचत बसू नये. क्लास पीएसकमांडलेटवरून काढा, बिगिनप्रोसेसिंग ओव्हरराइड करा आणि मायइन्व्होकेशनच्या बाउंडपॅरामीटर्समध्ये, म्हणजे दिलेल्या पॅरामीटरांच्या यादीत, प्रिंटर हा पॅरामीटर आहे का बघा. नसेल तरच गेटव्हेरिएबलव्हॅल्यूने सेशनमधल्या व्हेरिएबलातून प्रिंटरचं नाव उचला. नुसतं ‘रिकामं आहे का’ असं तपासणं आकड्यांच्या बाबतीत फसवं, कारण कोणी मुद्दाम शून्य दिलं की काहीच दिलं नाही, हे कळत नाही. व्हॅल्यू पाइपलाइनमधून, म्हणजे आधीच्या कमांडकडून, येणार असेल तर ही तपासणी प्रोसेसरेकॉर्डमध्ये न्या. बिगिनप्रोसेसिंगच्या वेळी ती आलेलीच नसते.

पीएसडीफॉल्टव्हॅल्यू नावाचं अ‍ॅट्रिब्यूट दिसेल, त्याला भुलू नका. ते मदतीच्या मजकुरापुरतं. प्रॉपर्टीत काही भरत नाही.

ग्रेड मी कोडमध्ये ठेवलीच नाही. ती हंगामागणिक बदलते, आणि तेवढ्यासाठी डीएलएल, म्हणजे कोडमधून तयार झालेली फाइल, पुन्हा बिल्ड करणं मला पटत नाही. पॉवरशेल 3 पासून डॉलर-पीएसडीफॉल्टपॅरामीटरव्हॅल्यूज हा हॅशटेबल, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा तक्ता, आहे. त्यात कमांडचं नाव, कोलन, पॅरामीटरचं नाव अशी की देऊन व्हॅल्यू टाकायची आणि ती ओळ शेडवरच्या कॉम्प्युटरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पॉवरशेल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, ठेवायची. मँडेटरी पॅरामीटरलाही ही व्हॅल्यू चालते.

कोड बदललात तर बिल्ड करण्याआधी पॉवरशेलची खिडकी बंद करा. एकदा लोड झालेली डीएलएल त्या सेशनमधून सुटत नाही, रिमूव्ह-मॉड्यूल केलंत तरी.