प्रोमिथियसमध्ये टार्गेट ‘अप’, पण पोस्टग्रेसचे आलेख कोरे

नाशिकला अंबडच्या कारखान्यात आमच्याकडे विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर, लिनक्सवर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस असे तीन डेटाबेस. तिन्हींवर देखरेखीसाठी एकच व्यवस्था हवी म्हणून प्रोमिथियस (आकडे गोळा करतं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवतं) घेतलं. बाकी दोन्ही लगेच दिसले. पोस्टग्रेसचं टार्गेट (जिथून प्रोमिथियस आकडे घेतं ते ठिकाण) हिरवं, म्हणजे ‘अप’, आलेख मात्र कोरे. एक्सपोर्टर (डेटाबेसचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला, डॅशबोर्ड दोनदा बदलला. दोन रात्री गेल्या, जीव मेटाकुटीला आला.

शेवटी ब्राउझरमध्ये थेट एक्सपोर्टरचं ९१८७ पोर्टवरचं मेट्रिक्सचं (आकड्यांचं) पान उघडलं. तिथे ‘पीजी_अप ०’. हिरवं ‘अप’ म्हणजे फक्त एक्सपोर्टर जिवंत आहे. तो डेटाबेसला जोडला गेलाय का, ते ‘पीजी_अप’ सांगतं.

मग या क्रमाने केलं: आधी मॉनिटरिंगसाठी वेगळा युजर, त्याला ‘पीजी_मॉनिटर’ रोल (देखरेखीपुरते अधिकार; पोस्टग्रेस आवृत्ती १० पासून आहे, सगळे अधिकार असलेला सुपरयुजर देऊच नका). नंतर पीजी_एचबीए फाइलमध्ये (कुणाला जोडू द्यायचं ते इथे ठरतं) एक्सपोर्टरच्या आयपीची ओळ ‘रिजेक्ट’च्या ओळीच्या वर नेली. खरी गोम इथेच होती: माझी ओळ खाली होती आणि पोस्टग्रेस जुळणारी पहिलीच ओळ धरतं. मग बदल लागू करायला ‘सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ()’. रीस्टार्ट लागला नाही, रात्रपाळीचं काम चालूच राहिलं. पुढच्याच स्क्रेपला (प्रोमिथियसच्या आकडे घेण्याच्या फेरीला) ‘पीजी_अप १’.

आता अलर्ट ‘अप’वर नाही, ‘पीजी_अप’ आणि ‘मायएसक्यूएल_अप’वर लावलेत.