फॉर्म भरायला बसण्याआधी: बोलत्या ब्राउझरची तयारी

परीक्षेचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा असेल, शेजारी कुणाला माउस धरायला बसवायचं नसेल, तर तयारी आदल्या दिवशीच करून ठेवा. शेवटच्या तारखेला रात्री ब्राउझर शिकायला बसू नका. मी इथे विंडोजवरच्या एनव्हीडीएबद्दल, म्हणजे अंध माणसांना स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरबद्दल, लिहितेय कारण तो फुकट आहे, आणि 2006 मध्ये तो सुरू करणारे मायकेल करन स्वतः अंध आहेत, त्यामुळे कीबोर्डवरच सगळं करायचंय हे तिथे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. क्रोम किंवा फायरफॉक्स, दोन्हीत तो नीट चालतो.

सगळ्यात आधी आवाज. इन्सर्ट + कंट्रोल + व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंग्ज उघडतात, तिथे वेग असा ठेवा की कळेल पण कंटाळा येणार नाही, ऐकायची सवय होत गेली की हळूहळू वाढवता येतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे, थोडी यांत्रिक वाटते पण अक्षर न् अक्षर वाचते, आणि विंडोजचा हिंदी आवाज टाकून घेतला तर देवनागरी जरा गोड ऐकू येते. लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असेल तर सेटिंग्जमध्ये इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करून टाका, मग खाली जिथे इन्सर्ट म्हटलंय तिथे कॅप्स लॉक दाबा. मग इन्सर्ट + 1 दाबून नुसती बटणं दाबत बसा, कुठलं बटण काय करतं ते तो सांगत राहतो आणि काहीही बिघडत नाही (परत इन्सर्ट + 1 दाबलं की बंद). बडबड थांबवायला कंट्रोल. हे बोटात बसलं की निम्मी भीती जाते.

आता पेजवर फिरणं. नव्या माणसाला कुणीतरी टॅब दाबायला शिकवलेलं असतं आणि तो बिचारा टॅब, टॅब, टॅब करत पन्नास लिंक ओलांडतो, आणि टॅब तर फक्त लिंक, बटणं आणि भरायच्या जागांवर थांबतो, मधला मजकूर ऐकूच येत नाही. टॅब सोडा. एच दाबा, एका हेडिंगवरून दुसऱ्या हेडिंगवर जाल आणि पेजवर काय काय आहे ते पटकन कळेल, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटण, टी म्हणजे टेबल, ई म्हणजे लिहायची चौकट, उलट जायचं तर शिफ्ट लावून तेच अक्षर. इन्सर्ट + एफ7 ने लिंकची किंवा हेडिंगची सगळी यादीच समोर येते, त्यात शब्दाची सुरुवात टाइप करून थेट पोचता येतं. 1997 मध्ये जपानमध्ये आयबीएमच्या चिएको असाकावा यांनी, त्याही अंध, होम पेज रीडर हा वेबपेज बोलून दाखवणारा प्रोग्रॅम आणला होता, त्यात साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक बाईच्या आवाजात यायची, त्यामुळे लिंक आली हे आवाजावरूनच कळायचं. एनव्हीडीए त्याऐवजी ‘लिंक’ असा शब्दच बोलतो, तेव्हा वेग वाढवताना तो शब्द कानातून निसटत नाही ना ते बघा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दोन मोडमध्ये, म्हणून हे आदल्या दिवशी नक्की करून बघा. ब्राउज मोडमध्ये अक्षरं म्हणजे उड्या, फोकस मोडमध्ये अक्षरं म्हणजे अक्षरं. नाव लिहायला गेलात आणि ‘हर्षदा’ टाइप करताना पेज भलतीकडेच पळालं तर समजा तुम्ही अजून ब्राउज मोडमध्येच आहात. चौकटीवर एंटर दाबा, मोड बदलल्याचा वेगळा आवाज येतो, मग लिहा, झालं की एस्केप. मनासारखं होत नसेल तर इन्सर्ट + स्पेसने मोड स्वतः बदला. हे दोन आवाज ओळखता यायला लागले की फॉर्म भरणं खरंच सोपं आहे.

फॉर्मच्या पेजवर पहिल्या फेरीत काहीच भरू नका. खाली ॲरोने शांतपणे सगळं ऐका, कारण फोटो किती केबीचा हवा, तारीख कशी लिहायची या सूचना चौकटींच्या मधे लिहिलेल्या असतात आणि एफ (म्हणजे पुढची भरायची जागा) दाबत उड्या मारल्या तर त्या सुटतात. दुसऱ्या फेरीत एफ. सबमिट केल्यावर पेज परत तिथेच आलं तर चूक बहुतेक लाल रंगात दाखवलेली असणार आणि रंग काही बोलत नाही, तेव्हा इन्सर्ट + कंट्रोल + एफ ने इंग्रजीत ‘इनव्हॅलिड’ किंवा ‘रिक्वायर्ड’ शोधा.

कागदपत्रं एका फोल्डरमध्ये, आणि फाइलची नावं साधी ठेवा, फोटो, सही, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), मार्कशीट अशी, म्हणजे फाइल निवडताना पहिली अक्षरं टाइप केली की सापडते, मोबाइलने दिलेल्या आकड्यांच्या लांबलचक नावांत शोधत बसावं लागत नाही. ओटीपीसाठी फोन चार्ज केलेला, टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर) चालू, आणि इयरफोन एकाच कानात म्हणजे दोन्हीकडचं ऐकू येईल. कॅप्चाला (चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची ती चौकट) ऑडिओचं बटण आहे का ते आधीच तपासा. नसेल तर डोळस माणसाला तेवढ्यापुरतं बोलवा, पण नंतर तक्रार जरूर लिहा, सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय, आणि तो निकाल आपण वापरला नाही तर कोण वापरणार.

जाहिरातीची पीडीएफ वेगळी तपासा. स्कॅन केलेली असेल तर एनव्हीडीए तिला फक्त चित्र समजतो, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधली असेल तर अर्थ नसलेली अक्षरं वाचतो. तुमचं मशीन बिघडलेलं नाही, फाइलच तशी आहे. अशी फाइल कुणाकडून तरी आधीच वाचून घ्या आणि पात्रतेच्या अटी स्वतः टाइप करून ठेवा.

घरच्यांसाठी एक: मदत करायचीय तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर लावा, एनव्हीडीए जे बोलतो ते तुम्हाला स्क्रीनवर अक्षरात दिसेल, पण माउसला हात लावू नका, ताई किंवा दादा जिथे आहे तिथूनच पुढचं बटण सांगा.

बाहेर सायबर कॅफेत बसणार असाल तर एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी (इन्स्टॉल न करता चालणारी) पेन ड्राइव्हवर न्या, आणि पासवर्ड, बँकेचं काही भरताना स्क्रीन कर्टन लावा, स्क्रीन काळी होते, मागच्याला काही दिसत नाही. पैसे भरून झाले की अर्ज क्रमांक सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, कंट्रोल + पी ने पावती पीडीएफ म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि ती उघडून स्वतःचं नाव एकदा अक्षर अक्षर ऐकून घ्या.