पहिला साप घरी आणण्याआधी: मराठवाड्यातल्या घरासाठी तयारीची यादी

कॉर्न स्नेक घ्यावा की बॉल पायथन (दोन्ही परदेशी, बिनविषारी साप), हे बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. मराठवाड्यात ते शेवटी विचारावं. आधी कागद, मग खोली, मग पेटी, मग खाणं. या चौघांची सोय लागली की आपल्याला कोणता साप झेपेल ते बरंचसं ठरूनच जातं. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन वीस ते तीस. तयारीत काही महिने गेले म्हणून काही बिघडत नाही.

कागदांत पहिली गोष्ट म्हणजे आपल्या रानात, बांधावर, घरात निघणारा कोणताही साप पाळायचा नाही. धामण, दिवड, तस्कर, मांडूळ, अजगर, सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. अनुसूची एकमधला प्राणी जवळ सापडला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘बिनविषारी आहे’, ‘आमच्याच शेतात सापडलं’ ही कारणं तिथं चालत नाहीत. मांडुळाबाबत तर जास्तच जपावं. गुप्तधनाच्या खुळापायी वजनावर त्याचे सौदे होतात, त्यामुळे घरात मांडूळ निघालं की हौस म्हणून ठेवलंय यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गारुड्याकडचा सापही याच कायद्यात बसतो, शिवाय त्याचे दात काढलेले किंवा तोंड शिवलेलं असतं. तो दयेपोटीही विकत घेऊ नये.

उरले परदेशी जातीचे, इथं किंवा बाहेर पैदास केलेले साप. २०२२ च्या दुरुस्तीने साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते आणि पुढे सापाचं हस्तांतर, पिल्लं, मृत्यू, सगळं तिथं कळवावं लागतं. बॉल पायथन आणि सगळे बोआ या यादीत येतात. कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक साइटीसमध्ये नाहीत, तरी परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतोच. म्हणून विकणाऱ्याकडे साप कुठे जन्मला, त्याचे आई-बाप कोणत्या कागदावर देशात आले, हे विचारा आणि पक्की पावती घ्या. पैसे देण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन उत्तर फाईलला लावा. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

आता खोली. सापाच्या पुस्तकी माहितीत सगळा भर ऊब देण्यावर असतो, कारण ती बहुतेक थंड देशांत लिहिलेली असते. आपल्याकडे मार्च ते जून प्रश्न उलटा होतो. परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो, स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही, आणि पत्र्याच्या घराचं तर नावच काढू नका. कॉर्न स्नेकला पेटीची उबदार बाजू २९ ते ३१ अंश आणि थंड बाजू २२ ते २५ अंश मानवते. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ लागते. दोन्ही बाजू ३५ च्या वर गेल्या की सापाला पळायला जागाच उरत नाही, आणि असे काही तास त्याचा जीव घ्यायला पुरतात. थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज चालू-बंद करणारं उपकरण) हीट मॅट, म्हणजे पेटीखालची ऊब देणारी विजेची चटई, बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात साप दगावतात ते बहुतेक हेच लक्षात न आल्याने.

म्हणून साप आणण्याआधी रिकामी पेटी मे महिन्यात त्याच खोलीत ठेवा. आत कमाल-किमान नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवून रोज सकाळी आकडे वहीत लिहा. काचेवर चिकटवायची घड्याळासारखी तबकडी घेऊ नका, तिच्यात चार-पाच अंशांची चूक सहज असते. थंड बाजू रोज दुपारी ३२ च्या वर जात असेल तर खोली बदला. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली उत्तम. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतींमुळे छान गारवा असतो, पण लाकडाच्या फटी आणि भिंतींतली बिळं इतकी असतात की एकदा सुटलेला साप सापडणं मुश्कील. अशा घरात पेटीची खोली आधी लिंपून, दाराखाली पट्टी लावून घ्यावी.

कूलर चालतो, पण त्याचा झोत पेटीवर येता कामा नये. लाईट गेल्यावर कूलरही बंद होतो, त्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा. दुपारी एक बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून, थंड बाजूला टेकवायची. आत ठेवली तर साप तिच्यावर वेटोळं घालून बसतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा मात्र हीट मॅट लागतेच. ती पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, एकाच बाजूला लावा आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट व तळ यांच्यामध्ये चिकटवा. सेन्सर पेटीत मोकळा सोडला की साप त्याच्यावर पाणी सांडतो किंवा तो हलवतो, थर्मोस्टॅटला गार वाटतं, मॅट तापतच राहते आणि पोट भाजतं. थर्मोस्टॅटशिवाय मॅट एक रात्रही चालवू नये.

पेटी पिल्लासाठी झाकणाला पक्क्या चिमट्या असलेला १५-२० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूंना तापलेल्या सळईने पाडलेली भोकं, इतकी साधी चालते. भोकं पिल्लाच्या डोक्यापेक्षा लहान हवीत. जिथं डोकं जातं तिथं सगळा साप जातो. मोठ्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी बनवून घ्या आणि सरकत्या काचेला कुलूप लावा. आत दोन लपणजागा हव्यात, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर साप ऊब सोडून लपणं निवडतो आणि खाल्लेलं पचत नाही. लपणजागा अंगाला घासेल इतकी अरुंद असावी. पाण्याचं भांडं जड, सांडणार नाही असं घ्या. तळाला पहिले तीन महिने साधा कागद टाका, गोचीड, विष्ठा, रक्ताचा थेंब, सगळं त्यावर लगेच दिसतं. नंतर कोकोपीट चालेल. सुताराकडचा भुसा नको, त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि काही लाकडांचा वास व तेल सापाला बाधतं.

दमटपणाचं गणित इथंच जातीच्या निवडीशी येऊन भिडतं. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के दमटपणा लागतो. एप्रिलात आपल्या हवेत त्याच्या निम्माही नसतो. मग त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची खपली आणि शेपटीच्या टोकाची कात तशीच राहते, टोक आवळून मरतं. कॉर्न स्नेकला ४०-५० टक्के पुरतात, आणि कात टाकायच्या आधी ओलसर कोकोपीट भरलेला एक झाकणाचा डबा आत ठेवला की काम भागतं. श्रावणात उलट होतं, तळ ओला राहून पोटाखालचे खवले कुजतात. म्हणून पेटीला हवा आरपार हवी.

खाण्याची सोय पेटीइतकीच आधी करा. साप दूध पीत नाही, अंडी-भात खात नाही, त्याला अख्खा उंदीर लागतो. घरात शाकाहार कडक असेल, किंवा फ्रीजमध्ये उंदीर ठेवायला आईची ‘नाही’ असेल, तर यादी इथंच मिटवा. पैदास केलेले पांढरे उंदीर नियमित देणारा माणूस आधी शोधा. तो पुण्याचा असेल तर गोठवलेला माल पोचेपर्यंत वितळतो का, तेही पाहा. शेतातला किंवा घरात सापळ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका. आपल्याकडे उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड सर्रास टाकतात. विष खाल्लेला उंदीर गिळला तर सापाचाही जीव जाऊ शकतो, आणि परजीवी तर असतातच. पालही याच कारणाने नको.

उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी असावी, फार तर किंचित जास्त. पिल्लाला केस न आलेलं उंदराचं पिल्लू दर पाच-सात दिवसांनी, मोठ्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, सकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात १५-२० मिनिटं धरावा आणि लांब चिमट्याने द्यावा. मायक्रोवेव्हमध्ये फुटतो. जिवंत उंदीर सोडून निजायला गेलात तर तो सापाचीच पाठ कुरतडतो.

डॉक्टर कोण, हेही आजच ठरवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सापाची तपासणी होईल का, कोणत्या दिवशी, हे फोन करून विचारून ठेवा. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतात, सापाच्या औषधाच्या मात्रेचा अंदाज त्यांच्यावर सोडू नये.

आता जात. मराठवाड्यात पहिल्यांदा पाळणाऱ्याला आमची शिफारस कॉर्न स्नेकची. अंगाने साडेतीन-चार फुटांचा, खायला चोखंदळ नाही, कोरडी हवा सोसतो. बॉल पायथन शांत असतो, पण हिवाळ्यात दोन-तीन महिने उपाशी राहतो आणि नवा मालक घाबरून रोज उंदीर दाखवत त्याला आणखी बिथरवतो. त्यातला ‘स्पायडर’ नावाचा रंगप्रकार अजिबात घेऊ नका, त्यात मान डोलण्याचा जन्मजात दोष असतो. केनियन सँड बोआ आकाराने लहान आणि पाळायला सोपा, तरी आपल्याकडे नको. लांबून तो मांडूळच दिसतो, पुढचं सांगायला नको.

कॅलिफोर्निया किंगस्नेकबाबत मात्र ठाम नकार. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, म्हणजे शेजाऱ्याच्या डोळ्यांना थेट मण्यार. तो सुटला तर काठी पडणार, हा अर्धाच धोका. खरा धोका उलटा आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवरच्या अंथरुणापर्यंत येते. पट्ट्यांचा साप पाळणाऱ्या घरात अंधारात कोणी ‘आपलाच आहे’ म्हणून हात घातला तर दंश जवळजवळ दुखतही नाही आणि काही तासांत श्वास थांबतो. साप कोणताही पाळा, पेटीबाहेर दिसलेला साप आधी परका समजा. दुरून नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन लावा.

साप निवडताना तो तुमच्यासमोर खाताना बघा, आणि आधी किमान पाच वेळा खाल्ल्याची तारीखवार नोंद मागा. डोळे स्वच्छ, नाकपुडीत बुडबुडे नाहीत, तोंड उघडं टाकत नाही, श्वासाला शिट्टी नाही, पाठीचा कणा वरून टोचत नाही, शेपटीखालची जागा कोरडी. हातात घेतल्यावर जीभ काढत हळूहळू सरकायला हवा, लोळागोळा पडलेला नको. पांढरा रुमाल अंगावरून फिरवा. त्यावर मोहरीपेक्षा बारीक काळे हलणारे ठिपके आले तर ते सापाचे गोचीड, त्या दुकानातला कोणताच साप घेऊ नका.

आणायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. कापडी पिशवीला गाठ मारून ती भोकाच्या डब्यात ठेवा, डबा पायाशी, बसच्या टपावर किंवा उभ्या गाडीत नाही. घरी आल्यावर पहिले सात दिवस फक्त पाणी बदलायचं, पाहुण्यांना दाखवायचा नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी नेहमीपेक्षा एक माप लहान उंदीर द्या, मग ४८ तास हात लावू नका. नाही खाल्ला तर उंदीर काढून टाका आणि पाच दिवस थांबा. खाऊन ओकला तर दहा-बारा दिवस काहीच देऊ नका. ओकायचं कारण बहुतेक वेळा पेटीचं तापमान किंवा घाईने हाताळणं असतं, म्हणून आधी थर्मामीटरची वही उघडा. हाताळल्यावर हात दरवेळी साबणाने धुवा, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती साप देऊ नका, आणि सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका.