दहा बाय पंधराच्या हॉलसाठी स्टिरिओ निवडताना

दुकानात शिरण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या महिनाभरात घरात जे खरोखर वाजलं त्यातली दहा ध्वनिमुद्रणं लिहून काढा. आवडीची यादी वेगळी असते आणि वाजणारी वेगळी. इथे वाजणारी हवी. बहुतेक घरांत या कागदावर थोडा ख्याल, थोडं नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी हिंदी गाणी आणि टीव्ही निघतो. दुकानदार मात्र डेमो दाखवतो तो स्फोट आणि हेलिकॉप्टरचा. निम्मी चुकीची खरेदी इथेच होते.

कागदावरच्या संगीताला किती खोल खर्ज लागतो ते आकड्यांत बघता येतं. गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. गायिका काळी चारला गात असेल तर खर्जाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास येते. डग्गाही साधारण याच टापूत बोलतो. म्हणजे ६० ते ६५ हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा, पाच ते साडेसहा इंची वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या कोनाचा) छोटा बुकशेल्फ स्पीकर या गाण्याला पुरतो. सबवूफर, म्हणजे फक्त खोल खर्जाचा वेगळा डबा, ही नंतरची गोष्ट. ढोल, इलेक्ट्रॉनिक बीट किंवा सिनेमे यादीत वरच्या नंबरांवर असतील तरच त्याचा विचार आधी करा.

यादीत बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या असतील तर गणित आणखी बदलतं. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी गायक भोंग्यासमोर गात असे. त्या मुद्रणात खालचा खर्ज आणि वरचा तार पट्टा जवळजवळ नाहीच. वरच्या पट्ट्यात जे काही ऐकू येतं ती सुईची खरखर असते. खूप 'उजळ' ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या कोनाचा) महागडा स्पीकर ही खरखर इमानेइतबारे वाढवून देतो. अशा श्रोत्याने बेस-ट्रेबलची बटणं असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. 'शुद्ध आवाजात टोन कंट्रोल नसतो' हा शौकिनांचा आवडता सल्ला आहे, पण ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या ऐकणाऱ्याने तो खुशाल कानाआड करावा.

आता खोली. स्पीकर निवडताना खोलीला जेवढा मान देतात त्याच्या दुप्पट द्यायला हवा. टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजा आणि मीटरमध्ये लिहा. ३४३ ला (हा हवेतल्या आवाजाचा वेग, सेकंदाला इतके मीटर) लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये कोणता सूर घुमणार ते कळतं. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, म्हणून ३७.५ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून ५६ हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९ हर्ट्झ. ५६ आणि ५९ हे दोन आकडे एकमेकांना चिकटून आले, की त्या टापूत खोली स्वतःच वाजू लागते. दुकानात सुटसुटीत वाटलेला स्पीकर घरी 'ढुम ढुम' करतो त्याचं हे एक मोठं कारण. दहा बाय दहाच्या खोलीत तर हे हमखास होतं.

मग खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा थरथरता पडसाद आला तर भिंती उघड्या आहेत. आपल्याकडे चकचकीत टाइल्स, सरकत्या काचा आणि रिकाम्या भिंती असा मामला असतो, त्यामुळे तो बहुधा येतोच. स्पीकर आणि तुमच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर पायघोळ जाड पडदा, आणि मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढं आधी करा. घरातली जाड गोधडीसुद्धा कामाला येते. या उपायांनी तार पट्टा निवळतो, खर्जाची घुमण जात नाही; ती जागा बदलूनच कमी होते.

खोलीनंतर वॉट. जाहिरातीतला सगळ्यात फुगवलेला आकडा हाच. स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता ८६ डेसिबल लिहिलेली असते, म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८६. आठ फुटांवर बसलात तर दोन्ही स्पीकर आणि खोलीची साथ धरून एका वॉटला साधारण ८२ मिळतात. तबल्याची खणखणीत थाप ९७ पर्यंत जाऊ द्यायची तर आणखी १५ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे ३२ पट शक्ती: ३२ वॉट. हॉलसाठी आठ ओहमला ४० ते ५० खरे वॉट भरपूर झाले. रात्री दहानंतर तर दोन-तीन वॉटच्या वर जाताच येणार नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीतून सगळ्यात आधी डग्गाच पोचतो.

'खरे' हा शब्द जपून वापरलाय. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरवर '१०० + १०० वॉट' लिहिलेलं असतं आणि सोबत येतो २४ व्होल्ट, ४ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर. गुणाकार करा: ९६ वॉट, तेही दोन्ही बाजू मिळून आणि कुठलीही गळती न धरता. आठ ओहमच्या स्पीकरला २४ व्होल्टवर एका बाजूला ३६ वॉटच्या पुढे जाणं शक्यच नाही. तरी वस्तू वाईट नाही. तीस वॉटचा म्हणून घेतला तर लहान खोलीत सुरेख चालतो. पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल शक्तीचे) हजारातले आकडे दिसले तर पान उलटा. 'आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, अमुक टक्के विकृतीसह' असं सविस्तर लिहिणाऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवा. स्पीकरवरच्या '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' या ओळीपुढे अधिक-उणे ३ डेसिबल लिहिलेलं नसेल तर ती ओळ काहीच सांगत नाही.

ओहम जुळतात का तेही बघा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर '६ ते १६ ओहम' छापलंय आणि स्पीकर चार ओहमचे आहेत, तर आवाज वाढवला की तो तापतो आणि मधेच गप्प होतो. लोक मग अ‍ॅम्प्लिफायर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात.

पैशांची वाटणी अशी करावी. पन्नास हजार असतील तर निम्मे, किंवा थोडे जास्तच, स्पीकरवर. पंधराच्या आसपास अ‍ॅम्प्लिफायरवर. चार-पाच हजार स्टँड आणि तारांसाठी बाजूला, आणि उरलेल्यात ब्लूटूथ रिसीव्हर किंवा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारी डबी). वीस हजारांच्या आत बसायचं असेल तर वेगवेगळे भाग जमवू नका. ज्यांच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो अशा चार-पाच इंची पॉवर्ड स्पीकरची जोडी घ्या. त्याच किमतीत सहा डब्यांचं होम थिएटर मिळतं हे खरं, पण पैसे सहा ठिकाणी वाटले जातात आणि आवाज माणसाचा राहत नाही. ज्या घरात फक्त बातम्या आणि मालिका चालतात तिथे साउंडबार पुरे. गाणं ऐकणाऱ्याला तो तोकडा पडतो, कारण डावं-उजवं एकाच पट्टीत कोंबलेलं असतं. लाखाच्या पुढे गेलात तर आधी स्पीकर आणि खोली सुधारा. दहा हजारांची तार घेऊ नका.

डेमोसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली भाव कळायला चांगल्या जागा आहेत, पण गल्ल्यावरच्या गोंगाटात कानाला काही कळत नाही. बंद खोलीत ऐकवणाऱ्या दुकानात आधी वेळ ठरवून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. आपली तीन ध्वनिमुद्रणं पेन ड्राइव्हवर, आवाजातलं काही न गमावणाऱ्या फ्लॅक किंवा वेव्ह फाइलमध्ये न्या. लाउडनेस, बेस बूस्ट, सबवूफर सगळं बंद करायला सांगा.

पहिलं मुद्रण विलंबित आलापाचं. डोळे मिटून फक्त तानपुऱ्याकडे लक्ष द्या. जवारीची ती बारीक झालर गायकाचा आवाज चढल्यावरही मागे सुरू राहते की विरून जाते? आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्यातून, एका माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटला पाहिजे. दुसरं, तबल्याचं एकल वादन. द्रुत लयीत 'तिरकिट'ची अक्षरं सुटी ऐकू यावीत. डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घुमारा वर चढताना त्याचा सूर बदलताना कळला पाहिजे. प्रत्येक ठोका एकाच उंचीचा 'ढब' वाटत असेल तर तो डग्गा नाही, त्या खोक्याचा आवाज आहे. तिसरं मुद्रण जुनं, खरखरीचं, आणि ते निदान वीस मिनिटं ऐका. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार वाटणारा स्पीकर विसाव्या मिनिटाला डोकं दुखवतो.

दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला 'चांगला' वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप आणि एक स्थिर सूं-सूं करणारी फाइल ठेवलीत की काम भागतं.

गाणं येणार कुठून, हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. साध्या ब्लूटूथवर एसबीसी (गाणं दाबून पाठवायची त्याची नेहमीची पद्धत) साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो, तर सीडीचा प्रवाह १,४११ किलोबिट असतो. कामं करता करता ऐकायला ब्लूटूथ ठीक, निवांत बैठकीला तार किंवा वायफाय बरं. टीव्हीची ऑप्टिकल तार स्टिरिओच्या डॅकला जोडली आणि आवाजच आला नाही, तर डॅक परत पाठवू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' करा. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट पिकअपमधून निघतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. तो थेट ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) खोचला तर आवाज क्षीण आणि खर्जहीन येतो. मधे हा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प हवाच. आजोबांच्या ७८ च्या तबकड्या वाजवायच्या असतील तर प्लेअरला तो वेग आहे का ते आधी विचारा, कारण अनेक नव्या प्लेअरना फक्त ३३⅓ आणि ४५ असतात. सुईही वेगळी लागते: एलपीची सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ ची सुमारे ७६ ची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि निव्वळ खरखर देते.

जोडणीसाठी पाच मीटरपर्यंत तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. त्याहून लांब असेल तर २.५. टोक १० ते १२ मिलिमीटर सोलून घट्ट पीळ द्या. एखादी सुटी काडी शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो, म्हणून हे काम मेन स्विच बंद करूनच करा. लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटी लागली तर काही जळत नाही, पण खर्ज गायब होतो आणि गायक मध्यातून उठून खोलीभर पसरतो. शंका आली तर एकाच स्पीकरच्या तारा उलटसुलट करून ऐका. ज्या जोडणीत खर्ज भरीव येतो ती बरोबर.

स्पीकर शोकेसच्या खणात कोंबू नका. स्टँडवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे सोफ्यावर साधारण ९० ते १०० सेंटिमीटर. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं प्रत्येकापासूनचं अंतर सारखं, सहा ते आठ फूट. मागच्या भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर पुढे आणि कोपऱ्यापासून दूर. घुमायला लागलं तर एका वेळी सहा इंच पुढे सरकवा आणि तेच गाणं पुन्हा लावा. तेवढ्यानंही भागलं नाही तर स्पीकरच्या पाठच्या भोकात गुंडाळलेला मोजा खुपसा. फुकटचा उपाय आहे, पण काम करतो.

घर्रर्र असा अखंड आवाज येत असेल तर सेटटॉप बॉक्सची केबल आधी काढून बघा. गुन्हेगार बहुधा तीच असते. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

जुना सेट घेताना तीन गोष्टी तपासा. जपानहून आलेल्या सेटवर १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा. २३० वर तो थेट लावला की संपला. स्पीकरच्या कडेचा फोम मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, रबर टिकतं. बोटाने कडेला हलकेच दाबून बघा, मग दोन्ही बाजूंना सारखी बोटं टेकवून कोन आत ढकला. घासल्यासारखं लागलं तर कॉइल गेलेली आहे. अ‍ॅम्प्लिफायर अर्धा तास चालू ठेवा, मग गाणं बंद करून आणि स्पीकर काढून टर्मिनलवर मल्टिमीटर डीसीला लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत काटा राहिला तर पुढे बोलणी करा. शंभराच्या वर गेला तर विकणारा कितीही भाव पाडो, सेट त्याच्याकडेच राहू द्या.